पटाच्या घड्याळाचा तिसरा आकडा

घाटनांदूरच्या स्टेशन रस्त्यावर सुग्रीवचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘रेडिओ-टीव्ही दुरुस्ती’ असंच लिहिलेलं आहे. पण रेडिओ कधीच अडगळीत गेले, टीव्ही भिंतीला चिकटले, आणि आता दुकानात येतात ते मोटारीचे स्टार्टर, इन्व्हर्टर आणि रानडुकरं हटवायच्या झटका मशिनी. पोट त्यावर चालतं. जीव मात्र भलतीकडेच गुंतलेला आहे, तो तांब्यात. तांब्याचा पातळ थर चढवलेला तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, त्यावर हव्या तेवढ्याच रेघा झाकायच्या आणि उरलेलं तांबं फेरिकच्या तपकिरी पाण्यात विरघळवून टाकायचं. तुकडा पाण्यातून वर काढला की त्यावर सर्किटच्या लखलखीत रेघा तेवढ्या राहिलेल्या दिसतात. त्या दिसल्या की पन्नाशीला टेकलेला हा माणूस असा ओरडतो, की गल्लीत नवीन राहायला आलेला भाडेकरू धावत येतो. जुने येत नाहीत, त्यांना सवय झाली आहे.

हा उद्योग तो दुकानात करत नाही, घरी करतो. दुकानासमोरून दिवसभर परळीची राख घेऊन वीटभट्ट्यांकडे जाणारे ट्रक धावतात, आणि रेघ केसासारखी बारीक असली की राखेचा एक कणसुद्धा तिच्यावर बसून ती तोडतो. म्हणून स्वयंपाकघर. त्याची बायको रोहिणी रागावते, आणि का रागावू नये? फेरिकचा डाग एकदा पडला की जात नाही. ओट्यावर डाग आहे, फरशीवर आहे, तिच्या भाचीच्या लग्नात नेसायच्या साडीवर आहे. इस्त्री तर नवऱ्याने कधीच आपली करून टाकली आहे. ‘‘माज्या माहेरचं एक भांडं तरी माजं राहू द्या,’’ असं ती म्हणते, आणि मग तुकडा उन्हात धरायला स्वतःच पुढे होते.

आता हा माणूस एवढ्या नाजूक रेघा करतो तरी कशासाठी? तर बैलांसाठी! हसू नका. त्यांच्याकडचा शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पण सगळ्या जोड्या एकदम सुटत नाहीत. एकेक जोडी एकटीच पळते, आणि पहिली कोण हे ठरवतं घड्याळ. बैल पळायच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना सुग्रीवने खांब रोवलेले असतात, खांबात किरणाचे डोळे. जोडीने पहिला किरण तोडला की घड्याळ सुरू, दुसरा तोडला की बंद. हे घड्याळ त्याने स्वतः बनवलेलं, आतल्या प्रत्येक रेघेसकट. जत्रेच्या दिवशी हजारो माणसं त्याच्या आकड्याकडे डोळे लावून बसायची, आणि सुग्रीवच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

गेल्या जत्रेत या सुखाला दृष्ट लागली. सुग्रीवचा थोरला भाऊ रामकिसन हा पटाचा नादी माणूस. शेतावर स्वतः कांदा-भाकर खाईल, पण लखन आणि बादल या आपल्या जोडीला सरकी कमी पडू देणार नाही. आष्टीकडून आलेला गहिनीनाथ हा त्याच्यासारखाच दुसरा. दोघांच्या जोड्या पळाल्या, आणि घड्याळात सेकंदाचे शंभर भाग करूनही दोघांचा आकडा एकच आला. खरं तर टाळ्या वाजवायची गोष्ट. पण गहिनीनाथ उसळला.

‘‘माजी जोडी पुढं व्हती! साऱ्या गावानं बघितलं! पर काय करता, घड्याळ भावाचं हाय ना बे!’’

रामकिसनने त्याची गचांडी धरली. मग कोणी कोणाला मारलं हे मारणाऱ्यांनाही कळलं नाही. मानाची ढाल कोणीच घेतली नाही, ती देवळात पडून राहिली. रामकिसनचा ओठ फुटला, तो चार दिवसांत भरला. सुग्रीवला कोणी हात लावला नव्हता, पण त्याचंच दुखणं लांबलं. आयुष्यभर त्याने कोणाचा स्टार्टर खोटा बिघडलेला सांगितला नव्हता, आणि आता पटाच्या मैदानात, सगळ्यांदेखत, त्याचं घड्याळ खोटं ठरलं होतं. त्याला फार लागलं ते. दुकानात कोणी सहज ‘टाइम काय झाला’ विचारलं तरी तो चिडायचा.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष मोहनराव हे शांत माणूस, पण यंदाच्या बैठकीत त्यांनीही हात टेकले. ‘‘परवानगीचे कागद, डाक्टरची तपासनी, चाबूक बंद का न्हाई ते बघायला मानसं, हे करता करता आमच्या नाकी नऊ येत्यात. त्यात मारामाऱ्या कोन निस्तरनार? यंदा घड्याळावरून परत बोंब झाली तर पट बंद. कायमचा.’’

कोणीतरी म्हणालं, घड्याळ बाहेरगावचं आणू. आणि सुग्रीव उठून उभा राहिला.

‘‘मी तिसरा आकडा दाखवतो. सेकंदाचे हजार भाग. मग तर झालं?’’

मोहनरावांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. ‘‘शेवटची संधी, सुग्रीवराव. पुना भांडन झालं तर पट बी गेला आन तुमचं घड्याळ बी.’’

बैठकीतून घरी येईपर्यंत सुग्रीव हवेत होता. चहाचा कप हातात आल्यावर मात्र आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. हजारावा भाग मोजायचा तर जुन्या घड्याळाचा मेंदू कामाचा नव्हता. नवा मेंदू म्हणजे करंगळीच्या नखाएवढी चिप, तिला चारी बाजूंनी पाय, आणि पाय इतके जवळ की सोनाराकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावल्याशिवाय ते वेगळे दिसेनात. त्या प्रत्येक पायाला स्वतःची तांब्याची रेघ हवी. शेजारची रेघ तिला चिकटली की मेंदू बिघडला, रेघ मधे तुटली तरी बिघडला. त्याने आराखडा काढून सर्किटची ही पाटी बाहेरून बनवून मागवली. ती आली सुंदर, आणि तेव्हा दिसलं की आराखड्यातच याने दोन पायांची अदलाबदल केली होती. दुसरी मागवावी तर जत्रा तोंडावर आलेली. आता उरलं घर, ओटा आणि फेरिकचा डबा.

इस्त्रीची जुनी तऱ्हा इथे चालेना. गुळगुळीत कागदावर छापून, इस्त्रीने दाबून शाई तांब्यावर उतरवायची, ही ती तऱ्हा. जाड रेघांना झकास, पण या रेघा इस्त्रीखाली एक तर फिसकटायच्या नाही तर तुटायच्या. म्हणून मग त्याने निळी फिल्म आणली. ती तांब्यावर चिकटवायची, वर छापलेला पारदर्शक कागद ठेवायचा आणि ऊन दाखवायचं. ऊन लागलं तिथे फिल्म घट्ट होते, काळ्या छपाईखाली मऊ राहते. मऊ राहिलेली धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात निघून जाते, घट्ट झालेली तांब्याला झाकून ठेवते. मग फेरिक.

फिल्म सारखी बसायला हवी म्हणून तो अंबाजोगाईला झेरॉक्सवाल्याकडे गेला. तिथे आधार कार्डावर प्लास्टिक चढवायचं मशीन आहे. झेरॉक्सवाला म्हणाला, ‘‘हे कुनाचं आधार हाय?’’ सुग्रीव म्हणाला, ‘‘माजं.’’ आणि ते खोटंही नव्हतं. वर दाबायला सपाट काच हवी होती. घरातली सगळ्यात सपाट काच स्वतःच्या लग्नाच्या फोटोवर होती, ती त्याने काढली. रोहिणीने फोटोकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि फोटो कपाटात ठेवून दिला. ऊन मात्र मागावं लागलं नाही. फाल्गुनातलं तिथलं ऊन, दहाला उघड्या पायांनी अंगणात उभं राहून दाखवावं कोणी.

पहिली पाटी बिघडली. दुसरी बिघडली. फेरिकमधून वर काढल्यावर सगळीकडे रेघा स्वच्छ, आणि नेमक्या चिपच्या पायांपाशी बारीक बारीक ठिपके उरलेले, एका रेघेला दुसरीशी जोडणारे. सुग्रीवने उन्हाला दोष दिला. मग छपाईला दिला, फिल्मला दिला, फेरिक विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून, ओल्या चादरी टांगून बसला, तरी ठिपके आहेतच. जवळ फिल्मचा एकच तुकडा राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दोन घास धड जेवेना. पट बंद पडेल तो आपल्यामुळे, आणि रामकिसन आपल्याला काही म्हणणार नाही, हेच त्याला जास्त बोचत होतं.

त्या सकाळी तो ओट्यापाशी सोडा कालवत होता. बोरचं पाणी, त्यात सोड्याची चिमूट. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं आणि तळाशी चुन्यासारखं काहीतरी बसलं. पलीकडे रोहिणी तुरीची डाळ निवडत होती. तिचं लक्ष गेलं.

‘‘आवो, हे पानी कुटलं घेतलंत?’’

‘‘नळाचं. बोरचं. कावून?’’

‘‘बोरच्या पान्यात डाळ तरी शिजती का कवा? लग्न होऊन आले तवापासून तुमच्या गावात डाळीचं पानी मी मारुतीमागच्या आडावरून आनते. बोरच्या पान्यात डाळ घातली तर दुपार व्हईस्तोवर ती टनक ती टनकच. आन तुमी त्यात फिलम शिजवताय!’’

सुग्रीव हातातली चिमूट तशीच धरून उभा राहिला. पंचवीस वर्षं त्या आडाच्या पाण्याची डाळ खाल्लेला माणूस! जड पाण्याने सोडा मारला जातो, चुना होऊन रेघांमधल्या फटीत बसतो, मग तिथली फिल्म विरघळत नाही, तिच्याखालचं तांबं फेरिकला सापडत नाही आणि ठिपका तसाच राहतो. सगळं एका झटक्यात त्याच्या डोक्यात बसलं. ‘‘रोहिणे!’’ एवढंच तो म्हणाला, आणि कोपऱ्यातली डाळीच्या पाण्याची कळशी उचलली.

‘‘सारं नका संपवू, दुपारचं वरन राह्यलंय,’’ ती ओरडली. पण तोवर तीही उठली होती, तिचेही डोळे चमकत होते.

आडाच्या पाण्यात सोडा विरघळला, आणि पाणी स्वच्छ राहिलं. आरपार दिसत होतं! फिल्म चिकटवलेला शेवटचा तुकडा दोघांनी मिळून अंगणात नेला. काच तिने दाबली, उन्हाचे सेकंद याने मोजले. सोड्याच्या पाण्यात निळी फिल्म नको तिथून अलगद सुटली, जुन्या दाताच्या ब्रशने एक हलका हात फिरवला आणि खाली कोरं गुलाबी तांबं दिसलं. मग फेरिक. डबा डावीकडे-उजवीकडे हळूहळू डोलवत सुग्रीव उभा होता आणि रोहिणी पदराने त्याच्या कपाळाचा घाम पुसत होती, कारण एक थेंब पडला असता तरी तो किंचाळला असता. बाजूचं तांबं काळपट झालं, विरळ झालं, गेलं. त्याने तुकडा धुतला, फिल्म काढली, भिंग डोळ्याला लावलं.

प्रत्येक रेघ सुटी. एक नाही चिकटली, एक नाही तुटली. चिपच्या चारी बाजूंनी त्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ निघाल्या होत्या.

‘‘आलं! रोहिणे, आलं बघ!’’

ही आरोळी म्हणे स्टेशनापर्यंत ऐकू गेली. मग भिंग रोहिणीने लावलं. ‘‘या बया,’’ ती म्हणाली, ‘‘लईच बारीक हाय की!’’ आणि दिवसभर ती घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंग देऊन ती पाटी दाखवत सुटली. वरण त्या दिवशी झालंच नाही. दोघांनी ठेच्याशी भाकरी खाल्ली, आणि सुग्रीवला आयुष्यात जेवण इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

जत्रेचा दिवस उजाडला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, बाभळीच्या फांद्यांवर, जिथे पाय टेकेल तिथे माणूस. ऊसतोडीवरून नुकती परतलेली मंडळी पोराबाळांसकट आलेली. एका ट्रॉलीवर बायकांच्यात रोहिणी. मांडवात टेबलावर सुग्रीवचं नवं घड्याळ. उंचावर लावलेला दिव्यांचा मोठा फळा कमिटीचा, जुनाच होता. त्याला दशांशापुढची दोनच घरं. तिसरा आकडा दिसायचा तो फक्त सुग्रीवपुढच्या घड्याळाच्या काडेपेटीएवढ्या खिडकीत. प्रत्येक जोडी पळाली की तो वाकून बघायचा, मोहनरावांना दाखवायचा, आणि मोहनराव तो माइकवर सांगायचे. सकाळपासून घड्याळ एकदाही अडलं नव्हतं. लोक तिसऱ्या आकड्यावर खूश होते, प्रत्येक वेळी ‘अन् पुढं? अन् पुढं?’ असा गलका करत होते, आणि सुग्रीवची छाती फुगत चालली होती.

दुपारी गहिनीनाथची जोडी सुटली. काय पळाली! दोरीत ओवल्यासारखे दोन्ही बैल एका रेषेत, धुळीचा लोट मागे. फळ्यावर आलं, पाच सेकंद एक्क्याऐंशी. मोहनराव माइकवर ओरडले, ‘‘आन तिसरा आकडा, चार!’’ पाच, एक्क्याऐंशी, चार. मैदान दुमदुमलं. गहिनीनाथने फेटा हवेत उडवला आणि झेलला.

शेवटची जोडी रामकिसनची. त्याने लखनच्या मानेवरून हात फिरवला, बादलच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि छकड्यावर चढला. झेंडी पडली. मैदान उभं राहिलं, आरोळ्या, शिट्ट्या, ‘‘हान रामकिसन! हान!’’ दुसरा किरण तुटला. घड्याळ थांबलं.

फळ्यावर पाच सेकंद एक्क्याऐंशी.

गेल्या वर्षीचंच सगळं पुन्हा समोर उभं. मग कोणीतरी म्हणालं, ‘‘तिसरा?’’ आणि ‘तिसरा, तिसरा’ असं सगळीकडून सुरू झालं. तीन किंवा त्याच्या खाली आला तर रामकिसन पहिला. गहिनीनाथ माणसं सारत मांडवाकडे निघाला, त्याच्या मागे आष्टीची दहा-वीस पोरं. मोहनराव माइक धरून पट्टीच्या कडेला गर्दी आवरत होते. खिडकीपाशी सुग्रीव एकटा होता. तो वाकला.

सात.

हाताखाली लाल बटण होतं, आकडा पुसायचं. बोट आपसूक त्याच्यावर जाऊन बसलं होतं. ‘यंत्र अडकलं, पुन्हा पळवा’, एवढं म्हणायचं होतं. लखन-बादल दम खाऊन दुसऱ्यांदा सुटले असते तर नक्की जिंकले असते, असं त्याला वाटत होतं. भावाने वर्षभर स्वतः उपाशी राहून त्यांना चारलं होतं. कोण बघत होतं? कोणीच नाही. आणि कोणी बघत नसताना ज्या घड्याळाचा आकडा पुसता येतो, त्यालाच तर गहिनीनाथ खोटं म्हणाला होता. सुग्रीवने बोट असं उचललं जणू बटण तापलेलं होतं, आणि दोन्ही हात मागे बांधून घेतले.

‘‘आण्णा!’’ त्याने हाक मारली. ‘‘आण्णा, हिकडं ये. तूच बघ.’’

रामकिसन धुळीने माखलेला, धापा टाकत आला. गहिनीनाथही पोचला होता. रामकिसन खिडकीवर वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता, की सुग्रीवलाच तसं वाटलं कुणास ठाऊक. मग तो सरळ झाला, भावाच्या तोंडाकडे एकदा बघितलं, आणि तरातरा जाऊन मोहनरावांच्या हातातला माइक घेतला.

‘‘पाच, एक्क्याऐंशी, सात!’’ कर्णे फाटतील असा तो गरजला. ‘‘सात! आष्टीच्या गहिनीनाथची जोडी पयली, आमची दुसरी! ज्याला बघायचंय त्यानं येऊन बघावं, घड्याळ माज्या भावाचं हाय!’’

जी काही आरोळी उठली ती सांगता येणार नाही. घाटनांदूरची माणसं हरली होती आणि तीच टोप्या उडवत होती. गहिनीनाथला ती आरोळी कळेचना. तो खिडकीपाशी आला, वाकला, सातचा आकडा बघितला. पुन्हा बघितला. त्याच्यामागे आलेली पोरं हात सैल सोडून उभी होती. त्याने मान वर केली तेव्हा त्याला सुग्रीवकडे बघवेना, तो टेबलाकडेच बघून बोलला.

‘‘आमच्याकडं चैत्रात पट हाय. तुमी येताल का? घड्याळ घेऊन?’’

‘‘येतो की,’’ सुग्रीव म्हणाला.

मोहनरावांनी ढाल गहिनीनाथच्या हातात दिली आणि पुढच्या जत्रेच्या पटाची तारीख तिथेच, माइकवर, सांगून टाकली. गर्दी पांगू लागली तेव्हा रामकिसन मांडवामागे लखनचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होता. सुग्रीव तिथे गेला आणि दावं चाचपत उभा राहिला.

‘‘आण्णा, माज्यामुळं ढाल गेली तुजी.’’

रामकिसनने फडकं पिळलं. ‘‘मागल्या साली ढाल हातात घेतली असती, तर जल्मभर लोक म्हनले असते, भावानं दिली. आज माइकवर आपल्या घराचा खरेपना बोलला. पळनाऱ्याला हरन्याचं काय सुग्र्या, बैल पुढल्या साली बी पळतेत.’’ मग त्याने भावाच्या पाठीत असा धपका घातला की सुग्रीव बादलच्या पोटावर जाऊन आदळला. सुग्रीव तिथेच, बैलाच्या अंगाला टेकून, हसता हसता रडायला लागला, आणि रामकिसनही रडला, आणि ट्रॉलीवरून उतरून आलेली रोहिणी दोघांकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.